साहेबांची परवानगी

सोमवार म्हणजे आमच्या घरात सासूबाईंचं मौन. मी त्यांना अत्ती म्हणते, त्या मला दाने. उरलेले सहा दिवस अत्तींचं तोंड पिठाच्या गिरणीसारखं चालू असतं, आणि सोमवारी मात्र उजाडल्यापासून संध्याकाळच्या पूजेपर्यंत त्या एक अक्षर बोलत नाहीत. आतल्या खोलीचं दार लावून बसतात. लग्न होऊन अक्कलकोटहून सोलापूरला आले तेव्हा मी नवऱ्याला, प्रभुला, म्हटलं होतं, "तुझ्या अव्वांच्या मौनाचं पुण्य त्यांना, फळ मला." तो हसला होता. सोमवारी त्या दाराला कुणी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, ही घराची रीत.

अत्तींना मधुमेह आहे. सोमवारी उपास असला तरी सकाळचं इंजेक्शन चुकत नाही, आणि डॉक्टरांनी बजावलंय की सुई टोचली की पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर साखर धाडकन खाली येईल. म्हणून पतसंस्थेत कामाला जाताना मी भगर आणि दाण्याची आमटी झाकून ठेवते. जप आटोपला की त्या उठून खातात आणि परत आत जाऊन बसतात.

त्या सोमवारी दुपारी मी जेवायला घरी आले तर ताट तसंच. भगर कोरडी पडलेली. मला आधी रागच आला. या वयात हा हट्ट कशाला? रीत गेली खड्ड्यात म्हणून दाराशी गेले, तेवढ्यात आतून आवाज आला. अत्ती बोलत होत्या. सोमवारी, आणि तेही हिंदीत.

"साब, मेरा लडका वैसा नहीं है साब. उसको मत मारो."

त्यावर एक पुरुषी, दरडावणारा आवाज. "कॅमेरे के सामने बैठो. उठना नहीं."

हा प्रकार मला तोंडपाठ आहे. पतसंस्थेच्या बैठकीत सभासदांपुढे उभं राहून मीच सांगते, पोलीस फोनवर अटक करत नाहीत, व्हिडिओ कॉलवर तर नाहीच नाही. आणि तो चोर माझ्याच घरात, मौनाच्या दाराआड, सकाळपासून ठाण मांडून बसला होता. अत्ती देवळातली आरती बघायला मोबाईल जवळ ठेवतात, त्यावरच त्याचा कॉल आला असणार. शेजारची धनलक्ष्मी मधे डोकावून गेली होती, हे नंतर कळलं, पण दार लावलेलं बघून पाऊल न वाजवता परत गेली. आमच्याकडे सोमवारी सगळे असंच करतात.

"अत्ती, दार उघडा! तो पोलीस न्हाय, चोर हाय!"

"दाने, तू जा हितनं." अत्ती आतून म्हणाल्या. "प्रभुच्या नावाच्या पार्सलात वाईट माल घावलाय. त्याला धरलंय त्यांनी. मी कुणाशी बोलले तर त्याला मारतील."

"अहो, प्रभु बार्शीत हाय! दुकानाचं बियाणं आणायला गेलाय की!"

मी प्रभुला फोन लावला. देवाची कृपा, पहिल्या रिंगला उचलला. धापा टाकत सगळं सांगितलं आणि स्पीकर चालू करून फोन दाराच्या फटीला धरला.

"अव्वा, मी हाय, प्रभु. बार्शीत हाय. मला कुणी धरलं न्हाय. दार उघड की गं."

मला वाटलं, सुटलो. मग तो माणूस शांतपणे म्हणाला, "माताजी, ये आवाज नकली है. आजकल कॉम्प्युटर से बनती है."

"व्हय," अत्ती म्हणाल्या. "दानेनंच शिकवलंय मला. घरच्याचा आवाज आला तरी इस्वास ठिवायचा न्हाय."

खरंच शिकवलं होतं. दिवाळीत त्यांना पुढ्यात बसवून, चकल्यांचं पीठ मळता मळता वदवून घेतलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. फोनवर प्रभु लहान मुलासारखा "अव्वा, अव्वा" करत राहिला आणि आत त्याची आई त्याच्याच जिवासाठी त्याला ओळखायला नकार देत होती. मला दारावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

प्रभु गाडी काढून निघाला, पण बार्शी काही शेजारच्या गल्लीत नाही. पोलिसांच्या हेल्पलाइनला फोन लागला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पोलीस आणि रुग्णवाहिका पाठवतो म्हणाल्या, पैसे गेलेत का विचारलं. पैसे मरू देत बाई, मी ओरडले, यांच्या पोटात सकाळपासून काही नाही. अत्तींची जीभ जड व्हायला लागली होती. "साब... लडका... साब" एवढंच पुन्हा पुन्हा, तेही एकमेकांत मिसळून. गेल्या वर्षी साखर उतरली तेव्हा त्या असंच बोलत होत्या, आणि त्यानंतर बोलायच्या थांबल्या होत्या.

मी रस्त्यावर धावले आणि समोरच्या धुळाप्पांना ओढून आणलं. ते सुतार. त्यांनी येतानाच पहार उचलली. "व्हा बाजूला, वैनी." जुन्या सागवानाचं दार, लवकर हटेना. प्रत्येक घावाला आतून अत्ती किंचाळत होत्या, जणू आम्हीच दरोडेखोर.

शेवटी कडी उचकटली. अत्ती पूजेच्या चौरंगापुढे बसल्या होत्या. घामानं लुगडं अंगाला चिकटलेलं, चेहरा पांढराफटक. देवासमोर मोबाईल टेकवलेला आणि त्यात खाकी कपड्यांतला एक माणूस. आम्हाला बघून त्यांनी हात जोडले, पण आम्हाला नाही, त्याला.

"साब, मैंने नहीं खोला. इन्होंने तोडा. मेरे लडके को मत मारो."

मी साखरपाणी आणून ग्लास त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी दात घट्ट मिटले. बोटानं साखर गालात भरली, ती थुंकून टाकली. "साहेबांनी... खायचं न्हाय म्हणलंय... उठायचं न्हाय..."

धुळाप्पा मोबाईल फोडायला धावले. मी त्यांचा हात धरला. मोबाईल फुटला असता तर अत्तींच्या लेखी प्रभु संपला असता, आणि मग त्यांनी कशासाठी तोंड उघडलं असतं? त्या माणसाच्या आईबहिणीचा उद्धार माझ्या जिभेवर आला होता. तो गिळला. मोबाईलसमोर वाकून दोन्ही हात जोडले.

"साब, इनको शक्कर का पानी पीने दो. मर जाएंगी. बस इतना बोल दो इनको. आपके पाँव पडती हूँ."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मोडलेल्या दाराकडे, पहार धरलेल्या धुळाप्पांकडे. कॉल तोडला. पडदा काळा झाला.

अत्तींच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. "साहेब... काय म्हणले?"

मी बंद फोन उचलून कानाला लावला.

"जी साहेब," मी म्हणाले. "हो साहेब. सांगते साहेब." अंगात होता नव्हता तेवढा आदर आवाजात आणला. मग अत्तींकडे वळले. "अत्ती, साहेब म्हणतात, प्या."

त्यांनी तोंड उघडलं. मी घोट घोट पाजत होते, त्या गिळत होत्या. धुळाप्पांनी तोंड फिरवलं. लांबून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू यायला लागला होता.

अर्धा ग्लास झाल्यावर अत्तींनी माझं मनगट धरलं. "प्रभुला सोडलं का? इचार की."

मी फोन पुन्हा कानाला लावला, थोडं थांबले, मान हलवली. "सोडलं म्हणतात."

अत्तींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी माझ्या हातातल्या काळ्या मोबाईलला हात जोडले. "लई उपकार झाले, साहेब," त्या म्हणाल्या, आणि मग उरलेलं साखरपाणी प्यायल्या.