ताट यायच्या आधी

"धा मिनटांत ताटं आनतो," असं दामाजी म्हणाला आणि त्याच्या बोलण्यावर विसंबून रसिकाने लेकीला, सान्वीला, इन्सुलिन दिलं.

जेवणाच्या मांडवामागे पत्र्याची न्हाणी होती. तिथे आतून कडी लावून, सान्वीचा फ्रॉक वर धरून, पोटाची कातडी चिमटीत घेऊन तिने सुई टोचली. दोघी टेबलाशी परत आल्या तेव्हा नणंद, संचिता, म्हणाली, "किती वेळ गं? पोट बिघडलंय का पोरीचं?"

"नाही हो ताई. हात धूत होतो आम्ही."

सान्वीनेही लगेच मान हलवली. सहा वर्षांची होती ती. आजार कळल्यापासूनच्या वर्षभरात हे तिला चांगलंच जमायला लागलं होतं.

सान्वीला मधुमेह आहे हे घरातल्यांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. लहान मुलांना होतो तो, कायमचा. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात सासूबाई, म्हणजे नंदाताई, पदर तोंडाला लावून खूप रडल्या होत्या. मग डोळे पुसून म्हणाल्या होत्या, "रसिका, मुलीची जात आहे. उद्या तिला लोकांच्या घरात जायचंय. हे आपल्या दाराबाहेर जाता कामा नये. संचितालासुद्धा नाही. तिच्या सासरची तोंडं तुला ठाऊक आहेत." रसिकाने तेव्हा मान डोलावली होती. त्या वेळी कुणी काहीही सांगितलं असतं तरी तिने मान डोलावली असती. आणि सासूबाई नुसत्या सांगणाऱ्या नव्हत्या. वाटीने भात मोजून वाढायला, रात्री उठून सान्वीच्या कपाळाला हात लावून बघायला रसिकाच्या आधी त्याच शिकल्या होत्या.

या सहलीची कल्पना सुदेशची, रसिकाच्या नवऱ्याची. वर्षभरात कुणी कुठे गेलं नव्हतं. डोंबिवलीच्या रेतीबंदरावरून होडीने निघालं की खाडीच्या मधोमध तिवरांनी वेढलेलं एक एवढंसं बेट लागायचं. तिथे दामाजी आणि त्याची बायको आवडाबाई यांनी चार खोल्या नि एक मांडव उभा केला होता. घरच्या ग्रुपवर सुदेशने 'दोन दिवस आयलंडवर' असं टाकलं आणि कळव्याहून त्याची बहीण संचिता मुलाला, दर्शनला, घेऊन हजर झाली.

"आयलंड म्हणालेलास ना रे तू?" संचिता आता खुर्चीत रेलून म्हणाली. "मला वाटलं, अंदमान. मी गॉगल बिगल घेऊन आलेय. इथून तर तुमच्या बिल्डिंगची टाकी दिसतेय."

"वाऱ्याला वासही तोच आहे बघ, एमआयडीसीचा," सुदेश हसून म्हणाला. "घरच्यासारखं वाटावं म्हणून."

नंदाताईही हसल्या. रसिकाचं लक्ष मांडीवरच्या फोनकडे होतं. सान्वीच्या दंडाला, बाहीच्या आत, रुपयाएवढा सेन्सर चिकटवलेला होता. रक्तातली साखर तो फोनला कळवायचा. आकडा ठीक होता. शेजारचा बाण मात्र आडवा होता तो किंचित खाली कलला होता.

रविवार होता, सगळी टेबलं भरलेली. स्वयंपाकघर म्हणजे मांडवाच्या टोकाला कुडाची एक खोली, आणि तिथे आवडाबाई एकटी. गिऱ्हाइकाने मासा पसंत केला की मगच ती तो साफ करायला घेई, आणि तांदळाची भाकरी एकेक थापून, एकेक भाजून. ज्या टेबलाने आधी सांगितलं त्याला आधी. दामाजी होडी चालवायचा, ताटं मांडायचा आणि प्रत्येक टेबलाला "आलाच, आलाच" म्हणायचा. कुणाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर येई. त्याची दहा मिनिटं कधीच संपून गेली होती.

बाण आता सरळ खाली वळला. साखर झपाट्याने उतरत होती.

रसिकाने सुदेशकडे पाहिलं. त्याला वर्षभरात ती नजर कळायला लागली होती. तो उठला, दामाजीला मांडवाच्या खांबाआड गाठून त्याने त्याच्या हातात नोट कोंबली.

"अवो साएब, जेवल्याव द्या ना. पलून जातंय का मी?"

"ठेवा हो. फक्त आमचं जरा आधी बघा."

"बगतो ना. हा काय, आलाच."

दामाजीने नोट खिशात घातली, आत जाऊन आला आणि कांदा-लिंबाची ताटली ठेवून गेला. पलीकडच्या टेबलावर ठाण्याहून आलेले कुणी मित्र होते. त्यांच्यातल्या एकानेही मघाशी तसंच त्याच्या हातावर काही टेकवलेलं रसिकाने पाहिलं होतं. मासळी कापायला वेळ लागायचा तेवढा लागतच होता.

तिने पर्स चाचपली. तिच्यात नेहमी फळांच्या रसाचे दोन छोटे खोके असायचे, अशाच वेळेसाठी. पण होडीत दर्शनने विचारलं होतं, "मामी, हे घेऊ?" आणि नको म्हणायला तिच्यापाशी कारण नव्हतं. दहा वर्षांचा भाचा रस मागतोय, मामी देत नाही, असं कसं दिसलं असतं? त्याने एक संपवला, मग दुसराही. "राक्षस आहे नुसता," संचिता लाडाने म्हणाली होती. ग्लुकोजचा डबा मोठ्या बॅगेत होता. मोठ्या बॅगा दुसऱ्या खेपेला यायच्या होत्या आणि ओहोटी लागल्यामुळे त्या रेतीबंदरावरच अडकल्या होत्या. पर्सच्या तळाशी एक पेपरमिंट सापडलं. ते तिने सान्वीच्या तोंडात सरकवलं.

"दादा, एक लिंबू सरबत आणा. साखर जास्त घालून. आधी तेच आणा."

"आलाच बाय."

"अगं, जेवणाच्या तोंडावर सरबत कशाला?" संचिता म्हणाली. "भूक मरेल तिची. एवढीशी तर खाते. बारीक झालीय किती."

"मलापण सरबत," दर्शन म्हणाला.

"तू गप. दोन ज्यूस ढोसलेस सकाळपासून."

सान्वी काहीच बोलत नव्हती. एरवी दर्शन दिसला की तिच्या तोंडाला खळ नसायचा. तिने हळूच टेबलावर डोकं टेकलं.

"झोप आली वाटतं माझ्या चिमणीला," संचिता म्हणाली. "होडीत ऊन लागलं."

रसिकाने सान्वीच्या मानेला हात लावला. मान गार होती, ओली होती. फोनवरचा आकडा लाल झाला होता. तिने खुर्ची मागे सारली.

"येईल गं सरबत," नंदाताई घाईने म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. डोळे मात्र सांगत होते, संचिता बघतेय. "बस ना. सुदेश जाईल."

"सान्वीजवळ बसा, आई," रसिका म्हणाली आणि जवळजवळ पळतच स्वयंपाकघरात गेली.

आत धूर होता. आवडाबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तिने वरही पाहिलं नाही. "बाय, हितं नको येव, डोलं चुरचुरतील. व्हतंय तुमचा. दोन टेबलं आदी हायेत."

"मला फक्त साखर द्या. मूठभर द्या."

"साकर कनाला? सरबत सांगलाय ना तुमी? त्यो आला का देईल."

दारात संचिता येऊन उभी राहिली होती. "काय चाललंय तुझं, रसिका? अशी काय धावतेस?"

रसिकाने एकदा तिच्याकडे पाहिलं.

"माझ्या मुलीला डायबिटीस आहे," ती म्हणाली. "मी तिला मघाशी इन्सुलिन दिलंय आणि ती अजून जेवलेली नाही. तिची साखर उतरतेय. तिला आत्ताच्या आत्ता साखर लागते, नाहीतर ती बेशुद्ध पडेल."

आपण ओरडलो हे तिला बाहेरच्या शांततेवरून कळलं. मांडवात कुणीच बोलत नव्हतं.

आवडाबाईने हातातली भाकरी तशीच परातीत टाकली. पिठाच्या हातानेच तिने फळीवरचा डबा ओढला, पेल्यात साखर ओतली, पाणी घातलं, बोटाने ढवळलं आणि रसिकाच्याही पुढे ती बाहेर पळाली. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास मागे राहिला.

सान्वीला सुदेशने मांडीवर घेतलं होतं. पहिला घोट ओठांवरून ओघळला. "गीळ सोन्या, गीळ," रसिका म्हणत राहिली. दुसरा घोट गेला. मग तिसरा. आवडाबाई खाली बसून पोरीचे तळवे चोळत होती. नंदाताईंनी डोळे मिटले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. दर्शन आईला बिलगून उभा होता. "मम्मी, तो ज्यूस तिचा होता का?" त्याने विचारलं. संचिताने त्याचं डोकं पोटाशी घट्ट धरलं.

पेला संपला, तरी बराच वेळ काही झालं नाही. मग सान्वीच्या गालांवर रंग परतायला लागला. बाण आडवा झाला आणि ती म्हणाली, "भाकरी आली?"

सुदेशने तोंड फिरवलं.

आवडाबाईने घरच्यांसाठी ठेवलेल्या टोपातला भात आणि वरण आणलं. गिऱ्हाइकांच्या ताटातलं ते नव्हतंच. ठाण्याच्या मंडळींपैकी एकाने आपल्या टेबलावर नुकत्याच आलेल्या दोन भाकऱ्या उचलून इकडे आणून ठेवल्या आणि तो परत गेला.

दामाजी सरबताचा पेला हातात धरून अजून उभाच होता. "साएब, आदी सांगाचा ना," तो म्हणाला. "तुमी पैसं दिलं, मना वाटला भूक लागली. भूक त सगल्यांनाच लागते. पोरीचा सांगला असता त मीच चुलीपुडं बसलू असतू." त्याने खिशातून नोट काढली. सुदेशने ती घेण्यासाठी हात पुढे केला नाही आणि दामाजीलाही ती परत खिशात घालता येईना. शेवटी त्याने ती टेबलावर ठेवली. मग वाऱ्याने उडेल म्हणून तिच्यावर सरबताचा पेला ठेवला.

"वर्षभर?" संचिता एवढ्या वेळाने बोलली. ती आईकडे बघत होती. "मे महिन्यात मी हिला चार दिवस न्यायचं म्हटलं तर तुम्ही नाही म्हणालात. मला वाटलं, माझं कळव्याचं घर लहान पडतं तुम्हाला. रसिकाला मी मनातल्या मनात काय काय बोललेय, तुला सांगू आई?"

नंदाताईंनी वरणाची वाटी सान्वीपुढे सरकवली.

सान्वी आता स्वतःच्या हाताने जेवत होती. रसिकाने तिच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. "सोन्या, चक्कर येत होती तर मला सांगितलं का नाहीस? थरथरायला लागलं की लगेच सांगायचं असं ठरलंय ना आपलं?"

सान्वीने घास गिळला. "आत्या होती ना," ती म्हणाली.

बाकी काही नाही, एवढंच. तक्रार नव्हती त्यात. एखादी गोष्ट सगळ्यांनाच माहीत असावी तसं ती बोलली आणि पुन्हा भात कालवायला लागली.

रसिकाला आता कळलं. पोरीने सगळं ओळखलं होतं. घाम फुटला तेव्हाही, हात कापायला लागले तेव्हाही. ओळखून ती गप्प बसली होती, आणि टेबलावर डोकं ठेवलं होतं तेही कुणाला दिसू नये म्हणून.

"हिला कुठे सांगितलं होतं गं मी?" नंदाताई पुटपुटल्या. "तुला सांगितलं होतं. मोठ्यांना सांगितलं होतं. हिला नव्हतं गं सांगितलं." त्यांनी सान्वीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

"संचिता, बस इथे. रसिका, हिला ती सुई दाखव. कशी धरायची, किती द्यायचं, सगळं. रात्रीची हिलाच देऊ दे."

संचिता बसली. रसिकाने पर्समधून इन्सुलिनचं पेन काढून टेबलावर ठेवलं, सगळ्यांसमोर. मासे खाणारी माणसं मधूनच वळून बघत होती. संचिताने पेनला बोट लावलं आणि मागे घेतलं.

"मला नाही जमायचं. भीती वाटते गं. दुखलं तिला तर?"

"मलापण वाटायची भीती," सान्वी म्हणाली. तोंडात भात होता, म्हणून तिने हात आडवा धरला. "थांब आत्या. माझं होऊ दे. मग मी सांगते तुला."