आधी कुणाचे पाय

गुरुपादच्या घरात डोळे उघडल्यापासून एकच जप चालायचा. बाई म्हणाल्या. दात असे घासायचे, बाई म्हणाल्या. पाणी गाळून प्यायचं, बाई म्हणाल्या. दुसरीतली वर्षाराणी तोंडात ब्रश धरूनसुद्धा बाईंचंच काहीतरी सांगत असायची, आणि चुलीपुढं बसलेल्या शिवकांताच्या, म्हणजे तिच्या आईच्या, अंगाची नुसती लाही व्हायची. भाकरी तव्यावर टाकायची ती आपटूनच.

तेलगावपासून आत गेलं की लागणारं हे गाव केवढं म्हणाल, तर शाळेला दोन खोल्या, शिकवायला एक मास्तर आणि एक बाई. मोहिनी बाई यंदा जूनला आल्या. मूळच्या बीडच्या, तेलगावात खोली करून राहत आणि स्कूटीवर गावात येत. वय असेल तिशीच्या आतबाहेर. दिसायला काही अप्सरा नव्हत्या, हे शिवकांतानं पहिल्याच दिवशी नीट निरखून घेतलं होतं. पण हसायच्या फार. पोरांनी काहीही विचारलं तरी हसायच्या, आणि पोरं त्या हसण्यावर पार खुळी झाली होती.

बाकीची पोरं खुळी होईनात का, शिवकांताला त्याचं काय? पण वर्षाराणी तिची होती. लग्नाला कितीतरी वर्षं उलटल्यावर, कपिलधारला नवस बोलून झालेली एकुलती एक लेक. गुरुपाद दुकानात तागडीशी, आणि मागच्या घरात ह्या दोघी मायलेकी. दुसरीत गेली तरी पोरगी आईच्या हातानं जेवायची. शिवकांता दूध-भाकरीचा काला करायची, पोरगी डोळे मिटून आ करायची, आणि घास तोंडात गेला की मगच डोळे उघडायची. काय आलं ते चवीवरून ओळखायचं, असा त्यांचा खेळ होता. शेजारणी नावं ठेवायच्या. शिवकांता म्हणायची, ठेवा खुशाल.

दिवाळीनंतर ते सगळं बंद झालं.

बाईंनी वर्गात एक टूम काढली. जे पोर आपल्या हातानं हात धुवून, आपल्या हातानं जेवील, त्याच्या मनगटावर बाई पेनानं चांदणी काढणार. झालं! त्या रात्री शिवकांतानं घास पुढं केला, तर पोरीनं तोंड फिरवलं.

"मी माझ्या हातानं जेवणार. बाई म्हणाल्या."

"आगं, आजचा दिस घे. उद्यापासून जेव तुझ्या हातानं."

"न्हाई. चांदणी मिळत नाही मग."

घास हातातच राहिला. शेवटी शिवकांतानं तो आपल्याच तोंडात घातला, आणि गिळताना तिला रडू आलं. पेनाची एक चांदणी, आणि तेवढ्यासाठी आईचा हात नको? ती गुरुपादला म्हणाली, "बघितलं का तुमी? लेक न्हेली त्या बाईनं." गुरुपाद हसला. "पोरगी हातानं जेवाय लागली, बरं झालं की. त्यात रडायचं कावून?" नवरे हे असेच. त्यांना सांगून उपयोग नसतो.

मग पोरीनं केसांचा भांग बाजूला पाडून घेतला, बाईंसारखा. मग बोलणं बदललं. शिवकांता म्हणाली, "दळण न्हाई अजून," तर पोरगी म्हणे, "न्हाई न्हाई गं आई, नाही म्हणायचं." आपल्याच पोटची पोर आपली जीभ दुरुस्त करायला लागली! शिवकांतानं त्या दिवशी दुकानात बाई तूरडाळ घ्यायला आल्या तेव्हा गुरुपादला बाजूला सारून स्वतः तागडी धरली, आणि काटा सरळ होताक्षणी हात आवरला. इतर गिऱ्हाइकाला वरून मूठभर पडायची. बाईंना एक दाणा वर पडला नाही. आणि बाई? हसून, "येते हं ताई," म्हणून गेल्या.

एकदा वर्षाराणीनं हट्ट धरला, बाईंना शेंगाची चटणी न्यायची. शिवकांताच्या हातच्या चटणीचं गावात नाव होतं. ती बरं म्हणाली, खलबत्ता घेतला, आणि शेवटी मीठ टाकताना हात थांबवला नाही. टाकत राहिली. डबा बांधून दिला आणि दिवसभर मनातल्या मनात उकळ्या फुटत राहिल्या. संध्याकाळी पोरगी रिकामा डबा नाचवत आली. "आई, बाई म्हणाल्या लई मस्त होती चटणी! आणखी दे म्हणाल्या."

आता ह्याला काय म्हणायचं! शिवकांताचा तिळपापड झाला. बाई खोटंसुद्धा इतकं गोड बोलते? तिला साधं तोंड वाकडं करता येत नाही? तिच्यावर चिडायलासुद्धा ही बाई जागा ठेवत नव्हती, हेच शिवकांताला सहन होईना.

त्यात भर घालायला वच्छलाबाई होत्याच. गावातले मोठे जमीनदार सुंदरराव, त्यांच्या ह्या पत्नी. सकाळी साखर न्यायला यायच्या आणि जाताना कुणाच्या तरी काळजात काडी टाकून जायच्या. "शिवकांते, तुझी लेक काल पारावर शाळा-शाळा खेळत होती गं. सगळी पोरं म्हणत होती, तू मोठी झाल्यावर कोण व्हणार? तर म्हणली, मी मोहिनी बाई व्हणार. तुझं नाव बी न्हाई घेतलं." हे सांगून त्या साखरेची पिशवी कमरेला लावून गेल्या. शिवकांतानं उरलेला दिवस गव्हातले खडे वेचले. नसलेले खडेसुद्धा वेचले.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी शाळेत हळदीकुंकू ठरलं. बायकांना तिळगूळ, वाण, आणि त्याआधी मातृपूजन. प्रत्येक पोरानं घरून ताट, तांब्या, हळदकुंकू, फूल आणायचं. आईला खुर्चीवर बसवायचं, तिचे पाय धुवायचे, पुसायचे, कुंकू लावायचं, पाया पडायचं. वर्षाराणीनं हे सांगितलं तेव्हा शिवकांता खुर्पं टाकून उभीच राहिली.

"आईचेच पाय न्हवं?"

"आईचेच. बाई म्हणाल्या."

कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बाईंचं म्हणणं शिवकांताला पटलं. सगळ्या गावादेखत, त्या मोहिनी बाईंच्या डोळ्यांसमोर लेक आपले पाय धुणार! वच्छलाबाई बघणार! आता कळेल म्हणावं लेक कुणाची ते. तीन दिवस ती वजरीनं टाचा घासत होती. इतकं घासलं की चालताना हुळहुळायचं. जोडवी चिंचेनं उजळली. इरकली साडी ट्रंकेतून काढली.

शुक्रवारी सकाळी पोरगी देवघरापुढं उभी राहिली. "आई, मला ही पितळी परात पाहिजे. आणि ही वाटी."

ती परात साधी नव्हती. श्रावणातल्या सोमवारी मठाचे स्वामी महाराज घरी येत. त्यांना चौरंगावर बसवून त्याच परातीत त्यांचे पाय धुतले जात, आणि पायावरचं पाणी त्या वाटीत घेऊन घरातले सगळे तीर्थ म्हणून घेत. लिंगायताच्या घरात ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. ती पोरीला शिकवली शिवकांतानंच. "आधी गुरू, बाळा. गुरूच्या आधी कुणाचं न्हाई. आईबापाचं बी न्हाई." पोरगी हात जोडून बसायची. शिवकांता तीर्थ घ्यायची, डोळ्याला लावायची, मग लेकीला पाजायची.

आज पोरगी तीच परात मागत होती, आणि शिवकांताचा ऊर भरून आला. महाराजांच्या मानाची परात, आपल्यासाठी! "न्हे गं माझी बाय," ती म्हणाली आणि परात राखेनं अशी घासली की त्यात तोंड दिसावं.

शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. सगळ्या आया नटूनथटून बसल्या. शिवकांता मधोमध. गावातल्या सरस्वतीबाईंची नात वैष्णवी तेवढी तांब्या धरून हिरमुसली होती, कारण तिचे आईबाप उसाच्या तोडीला कर्नाटकात गेले होते आणि आजी तापानं पडलेली. मोहिनी बाईंनी ते बघितलं, आणि म्हणाल्या, "वैष्णवी, मी बसते तुझ्यासाठी. चालेल?" आणि रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर त्या बसल्या. चपला काढल्या. स्कूटीवरून आलेले पाय, घोट्यापर्यंत धूळ. शिवकांतानं ती धूळ बघितली, मग आपल्या टाचा बघितल्या, आणि तिला फार बरं वाटलं.

मास्तरांनी टाळी वाजवली. पोरं आपापल्या आईकडं धावली. वर्षाराणी परात घेऊन निघाली, शिवकांताच्या समोर आली, आणि पुढं गेली.

पुढं गेली! शिवकांतानं उचललेला पाय अधांतरी राहिला. पोरगी थेट कडेच्या खुर्चीपाशी जाऊन गुडघ्यावर बसली. वैष्णवी धूत होती तिच्या शेजारीच हिनं परात सरकवली आणि बाईंचा दुसरा पाय धरला.

"अगं वर्षा!" बाई दचकल्या. "चुकलीस का? आई तिकडे बसल्यात. आधी आईचे पाय धुवायचे."

"नाही बाई," वर्षाराणी म्हणाली. वर्गात शिकवलेल्या खणखणीत आवाजात म्हणाली, त्यामुळं पटांगणभर ऐकू गेलं. "आईनंच सांगितलंय. आधी गुरू. आईबापाचं बी न्हाई."

बायका हसल्या. वच्छलाबाई जरा जास्तच हसल्या. "आता काय बोलावं! आईनंच शिकवलंय म्हनं!" शिवकांताचे कान तापले. तिला वाटलं उठावं, पोरीचा दंड धरावा, परात उचलावी आणि घरी जावं. आपलेच शब्द, आपलीच परात, आपणच घासून दिलेली. रडावं तरी कुणाच्या नावानं? तीन दिवस टाचा घासल्या त्या ह्या तमाशासाठी?

ती उठणार, तोच पोरगी वळली. हातात वाटी. परातीतलं पाणी वाटीत घेऊन ती सांडू न देता, पाऊल मोजत, जीभ दातात धरून आईकडं येत होती. समोर येऊन तिनं वाटी वर धरली.

"आई, तीर्थ घे."

वाटीत पाणी गढूळ होतं. तळाशी रस्त्याची माती बसत होती. ह्या बाईच्या पायाचं पाणी? शिवकांताच्या मनात जेवढा म्हणून जळफळाट होता तेवढा उफाळून आला. मोहिनी बाई ओल्या पायांनी धावत आल्या. "ताई, नका, नका हो! अहो, माझ्या पायाला नुसती धूळ आहे. वर्षा, असं नसतं गं. ओतून टाक ते."

वर्षाराणीचा चेहरा उतरला. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. ती बाईंकडं बघेना, आईकडंच बघत राहिली. वाटी तिनं तशीच वर धरली होती.

"बाई," शिवकांता म्हणाली, "तुमी मधी बोलू नका. हे आमच्या घरचं हाय. आमचं मायलेकीचं."

तिनं पदर डोक्यावर घेतला. उजवा तळहात पुढं केला, पोरीनं त्यात पाणी ओतलं, आणि शिवकांतानं ते एका घोटात घेतलं. दाताखाली कचकचलं. ओला हात तिनं डोळ्याला लावला, कपाळाला लावला, जसा श्रावणात लावायची तसा. वच्छलाबाईंचं हसू कुठल्या कुठं गेलं.

मग वर्षाराणीनं वाटी आईच्या हातात दिली. हात जोडले. डोळे मिटले. आणि आ केला.

शिवकांता बघतच राहिली. ते उघडं तोंड, पडलेला पुढचा दात, घट्ट मिटलेले डोळे. दिवाळीपासून त्या तोंडापर्यंत तिचा हात पोचला नव्हता. तिनं वाटीतलं वरचं निवळ पाणी तळहातावर घेतलं, माती येऊ नये म्हणून जपून, आणि लेकीच्या तोंडात सोडलं. बोटं ओठांवर जरा जास्त वेळ राहिली.

पोरीनं डोळे उघडले. "माती लागली," ती म्हणाली.

"असू दे. गुरूच्या पायाची हाय," शिवकांता म्हणाली. म्हणताना तिला कोण कष्ट पडले, ते तिचं तिलाच ठाऊक.

"आता तुझे पाय. मी पाणी घेऊन येते." पोरगी तांब्या घेऊन निघाली. बाईंनी मदतीला हात पुढं केला, तर शिवकांता खुर्चीवरूनच म्हणाली, "राहू द्या बाई. ती आणंल."

संध्याकाळी घरी ताट वाढलं. वर्षाराणीनं हात धुतले, बाईंनी सांगितलं तसे, बोटांच्या बेचक्यातनं सुद्धा, आणि आपल्या हातानं जेवायला बसली. शिवकांता समोर बसून बघत होती. घास मोडताना पोरीची बोटं भाजीत पार बुडत होती. शिवकांताचा हात एकदा पुढं आला आणि तिनंच तो मागं घेतला.

"अवं," ती गुरुपादला म्हणाली, "श्रावण कवा हाय यंदा?"

गुरुपादनं तोंडातला घास थांबवला. "आत्ता कुठं संक्रांत झाली. श्रावण लई लांब हाय. का गं, महाराजांकडं काय काम काढलं?"

"काय न्हाई," शिवकांता लेकीच्या तोंडाकडं बघत म्हणाली. "उगंच इचारलं."