दोन इंजिनांचा कम्प्युटर

"कम्प्युटर कुठी गेला?"

जनार्दन वानखडेनं ड्युटीचा पत्र्याचा बॉक्स दारातच आदळला. बूट काढले नव्हते, तोंडावरची काजळी पुसली नव्हती. बैठकीतल्या टेबलावर धुळीचा चौकोन तेवढा उरला होता आणि भिंतीतून वायरी लोंबत होत्या.

"आधी हातपाय धुवा," द्वारका स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मी काय विचारून राहिलो?"

"नीरज घेऊन गेला दुकानात. बदलून आणतो म्हणे. ऑटोत चढवाले शेजारचे दोघं लागले, एवढं धूड ते."

"कोणाले विचारून नेला?"

"मले विचारून." द्वारकेनं तव्यावरची पोळी उलटली.

झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. तिला तिथवर पोचायला तसा फार वेळ लागत नसेच. इंजिन तापायला वेळ लागतो, जनार्दनला नाही, असं बडनेऱ्यातले सोबती म्हणायचे. त्याच रागापायी तर हा माणूस जयपुरात येऊन पडला होता. घराच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी कडाक्याचं भांडण झालं आणि पठ्ठ्यानं दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज टाकला. जितकं लांब असेल तितकं बरं! स्वतःहून मागितलेल्या बदलीत सीनियॉरिटी पार तळाला जाते, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण राग आडवा आला. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं तिकडे पॅसेंजरवर गेली, मेलवर गेली, आणि पन्नाशीला आलेला जनार्दन इथं अजून मालगाडी ओढत होता. रेल्वेनं ड्रायव्हरांना लोको पायलट म्हणायला सुरुवात केली तेव्हा द्वारकेनं हौसेनं पेढे आणले. हा म्हणाला, "नाव बदललं, गाडी तीच हाय. ठेव ते पेढे."

आजचा दिवसही त्यातलाच गेला होता. दौसा स्टेशनात त्याची गाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर घालून ठेवली आणि मेन लाइनवरून एकामागून एक एक्स्प्रेस सोडल्या. डोक्यावर जूनचं ऊन, इंजिनात भट्टी. आणि घरी यावं तर हे.

"बदलून आणतो!" तो ओरडला. "बापानं आणलेली वस्तू बदलून आणतो! बाप मेला काय माहा?"

"अवो, पण खरं सांगा, त्याच्या काही कामाचा होता काय तो?" द्वारका हात पुसत बाहेर आली. "पोरगं पुढच्या हप्त्यात दिल्लीले जाऊन राहिलं. सराव कुठी करन ते? त्या सायबर कॅफेत किती दिवस बसवाचं त्याले?"

जनार्दननं स्कूटरची किल्ली उचलली आणि पाणीसुद्धा न पिता जिना उतरला.

कम्प्युटरचं हे रामायण दोन महिन्यांपूर्वीचं. बारावीचे पेपर संपले की कम्प्युटर घेईन, असा शब्द जनार्दननं पोराला दिला होता. नीरजला हवं होतं ते अगदी साधं होतं. घरात वापरतात तसा डेस्कटॉप, त्यात नव्यातला एक वेगवान प्रोसेसर आणि गेम खेळायचं ग्राफिक कार्ड. ते राहत त्या खातीपुऱ्यातल्या चार मित्रांबरोबर त्यानं टीम केली होती आणि दिल्लीच्या स्पर्धेत उतरायचं म्हणून पोरं इरेला पेटली होती. जनार्दन एम. आय. रोडच्या बाजारात एकटाच गेला आणि लोखंडी कोठीएवढं एक वर्कस्टेशन घेऊन आला. इंजिनिअर लोक मोठमोठे नकाशे करतात, कारखान्याची डिझाइनं करतात, तसलं. एक सोडून दोन प्रोसेसर, म्हणजे दोन इंजिनंच. चालू केलं की पंख्यांची अशी घरघर सुटायची की द्वारका म्हणायची, गिरणी लागली.

आणि गेम? गेमला त्या दुसऱ्या प्रोसेसरचा काडीचा उपयोग नव्हता. तो बसायचा हात बांधून, आणि पहिला होता संथ. ग्राफिक कार्ड नकाशांचं. समोरचा गोळी घालून निघून जायचा, त्यानंतर नीरजच्या पडद्यावर तो उगवायचा.

पहिल्याच रविवारी टीममधली पोरं घरी आली. जनार्दननं स्वतः जाऊन त्यांच्यासाठी गरम प्याज कचोऱ्या आणल्या. दाराशी पोचला तेव्हा आत कुणीतरी विचारत होतं, "इतना बड़ा डब्बा, फिर भी इतना स्लो क्यों है यार?"

नीरजचा आवाज आला, "पापा की तरह है. मालगाड़ी."

पोरं खिदळली. जनार्दननं कचोऱ्यांची पिशवी कडीला अडकवली आणि आल्या पावली परत फिरला. त्या दिवसापासून बापलेकांत जेवढ्यास तेवढं. पिशवी पाहून नीरज काय ते समजला होता. पण माफी मागायची तर काय म्हणून मागायची, हे त्यालाही सुचेना. वर त्याचाही राग बापासारखाच, नाकाच्या शेंड्यावर. दोघं ताटाला ताट लावून मूग गिळून जेवायचे.

दुकानाबाहेर स्कूटर लावतानाच जनार्दनला आत नीरज ओरडताना ऐकू आला. समोर दुकानदार नंदकिशोरजी, कपाळावर गंध, हातात स्क्रू ड्रायव्हर. काउंटरवर ते धूड आणि त्याच्या शेजारी एक छोटा, आवाज न करणारा डेस्कटॉप. दोन्हींवर एकच गेम लावून ठेवला होता. डेस्कटॉपवरचा शिपाई भिंतीवरून उड्या मारत होता, वर्कस्टेशनवरचा चिखलातून चालल्यासारखा चालत होता.

"शरम नहीं आती?" नीरज म्हणत होता. रागानं त्याचे कान लाल झाले होते. "सीधा आदमी देखा और चूना लगा दिया! मेरे पापा को इसकी क्या समझ? दिनभर धूप में गाड़ी चलाते हैं वो. उनको ठगते हो?"

जनार्दनचा पाय पायरीवरच थबकला. पोरगं त्याच्यासाठी भांडत होतं! दोन महिने घुम्यासारखं बसलेलं पोरगं, बापाला कुणी फसवलं म्हणून चारचौघांत दुकान डोक्यावर घेत होतं. एक क्षण त्याला बरं वाटलं. पण पुढं काय येणार तेही त्याला ठाऊक होतं.

"बेटा, ज़बान संभाल के," नंदकिशोरजींनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "मैंने किसी को नहीं ठगा. लो, पापा आ गए, इन्हीं से पूछ लो. मैंने इनको मना किया था कि नहीं?"

नीरजनं वळून पाहिलं.

"मैंने कहा था, भाईसाब, घर के लिए और बच्चे के गेम के लिए यह छोटा वाला बढ़िया है. वर्कस्टेशन मत लो. यह तो मालगाड़ी है. बोझा चाहे जितना लाद दो, सीटी बजाती चली जाएगी, पर दौड़ेगी नहीं. आगे सुन. इतना सुनते ही तेरे पापा तमतमा गए. मेज़ पर हाथ मारा और बोले, यही दो!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं जवळ सरकली.

"पप्पा," नीरज म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मतलब, गेम चालणार नाही, हे माहीत होतं? तरी घेतला?"

"हो, घेतला!" जनार्दनचा बांध फुटला. "काहून नाई घेणार? ज्याले त्याले मालगाडीचीच थट्टा सुचते! थे एक्स्प्रेसवाले काय डोक्यावर घेऊन जातात देश? माणसं बसवतात अन् मिरवतात. तुह्या ताटातला गहू कोण आणते? ह्या दुकानाचं सिमेंट कोणं आणलं? ह्या लाइटीचा कोळसा? मी आणतो! दिवस दिवस लूपमध्ये सडतो अन् आणतो! अन् हा माणूस मले तोंडावर सांगते, मालगाडी हाय, घेऊ नका! अन् तू, माह्या घरात बसून, माह्याच पोटचा..."

त्यानं काउंटरवर हात आपटला.

नीरजच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण मान त्यानं खाली घातली नाही. अडखळत, शब्द शोधत तो म्हणाला, "पप्पा, मला गहू नव्हता न्यायचा. मला फक्त गेम खेळायचा होता."

जनार्दननं त्या दोन पडद्यांकडे पाहिलं. आयुष्यभर लोखंड हाकलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला हवं होतं का? रिकाम्या चार डब्यांना दोन इंजिनं जोडली म्हणून गाडी काय दुप्पट पळते? शिकाऊ पोरानं असलं काही केलं असतं तर यानंच त्याला शेडभर शिव्या घातल्या असत्या. काम पाहायचं, मग इंजिन जोडायचं. यानं स्वतःचं दुखणं पाहिलं आणि ते पोराच्या गळ्यात बांधलं. पूर्वी बदलीच्या अर्जानं सगळ्या घरादाराच्या गळ्यात बांधलं होतं, तसंच. त्याला स्वतःचीच इतकी चीड आली की ते धूड उचलून रस्त्यावर फेकावंसं वाटलं.

"बदल दो," तो म्हणाला.

"बदल रहा हूँ, भाईसाब. एक आर्किटेक्ट कबसे ऐसी मशीन ढूँढ रहे हैं. उनके यहाँ यह राज करेगी. मशीन में खोट थोड़े ही है."

वर्कस्टेशन आतल्या खोलीत ठेवायचं होतं. नीरज हात लावायला पुढं झाला.

"सोड," जनार्दन गुरगुरला. त्यानं ते एकट्यानं छातीशी उचललं, आत नेलं, जमिनीवर अलगद टेकवलं. वरची धूळ बाहीनं पुसली. मग बाहेर येऊन स्कूटर चालू केली. नवा डेस्कटॉप मांडीवर घेऊन नीरज मागं बसला.

पुढचा आठवडा घर शांत होतं. डेस्कटॉपचा पंखासुद्धा ऐकू येत नव्हता. खोलीतून नीरजची बोटं तेवढी वाजायची. तो दिल्लीला जायच्या दिवशी पहाटेच जनार्दनला ड्युटीचा बुलावा आला. पोरगं झोपलं होतं. द्वारका म्हणाली, "उठवू काय? जाता जाता एक शब्द तरी बोला त्याच्याशी."

"झोपू दे. काय बोलू?" त्यानं बॉक्स उचलला. "मी काय दिल्लीले जाऊन राहिलो?"

दौशाला पुन्हा लूप. मागं गव्हानं भरलेले डबे, पुढं लाल सिग्नल. स्टेशनमास्तरनं सांगितलं, जयपूरहून दिल्लीची एक्स्प्रेस येतेय, ती गेल्याशिवाय तुम्हाला रस्ता नाही. कोणती एक्स्प्रेस, हे जनार्दननं विचारलं नाही. त्याला माहीत होतं.

नियम असा आहे की शेजारून गाडी जात असली तर उभ्या गाडीच्या ड्रायव्हरनं खाली उतरून हिरवी झेंडी धरायची आणि जाणारी गाडी नीट पाहायची. कुठं चाक तापलंय का, काही लोंबतंय का, धूर निघतोय का. सगळं ठीक असेल तर झेंडी तशीच धरून ठेवायची. दुसऱ्याची गाडी सुखरूप जातेय, एवढं सांगायला उन्हात उभं राहायचं. कित्येक वर्षं जनार्दन दात-ओठ खात ही झेंडी धरत आला होता.

रूळ थरथरले. तो खडीवर उतरला, हात लांब केला. इंजिनाच्या दारातून असिस्टंट देवराम म्हणाला, "आज लेट नहीं है, साब."

इंजिन धडधडत गेलं. मग डबे. खिडक्यांकडे पाहायचं नसतं, पाहायची असतात चाकं, आणि जनार्दन चाकंच पाहत होता. धूळ डोळ्यांत जात होती तरी पापणी हलवली नाही. मधल्या कुठल्याशा डब्याच्या दारात कुणीतरी उभं असल्याचं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. "पप्पा!" अशी हाक आली आणि वाऱ्यानं फाटून मागं गेली. दारातल्या त्या माणसानं एक हात लांब बाहेर काढला होता. हलवत नव्हता. जनार्दनच्या झेंडीसारखाच सरळ धरला होता.

जनार्दनची मान वळली नाही. चाकं पाहायची होती. ह्या गाडीची तर एकूण एक पाहायची होती.

शेवटचा डबा गेला. गार्डनं झेंडी दाखवली, गाडी वळणावर लहान झाली, दिसेनाशी झाली. रुळांचा आवाजही थांबला.

"साब, झंडी नीचे कर लो," देवराम म्हणाला. "गाड़ी तो गई."

"पता है मुझे!" जनार्दन त्याच्यावर खेकसला, आणि हात तसाच धरून उभा राहिला.