परत आलेली रजई

धाकट्या जावयाला वागण्याची रीत म्हणून नव्हती. रजई पसंत नाही, तर माणसाने घरी यावं, चहा घ्यावा, इकडचं तिकडचं बोलावं आणि मग हळूच विषय काढावा. हा बाबा भर सकाळी, भर दुकानात, चार गिऱ्हाइकं टेकलेली असताना रजईचं बोचकं काखोटीला मारून आला आणि म्हणाला, "आई, ही जरा पातळ होतेय. जाड मिळेल का?"

दिवस उन्हाळ्याचे. पंखा गरगरून दमलेला, दारातल्या कुत्र्याची जीभ हातभर बाहेर. आणि याला जाड रजई हवी!

आक्काच्या हातातली सुई हातातच राहिली. चाळीस वर्षं ती रजया भरत होती. शाळेशी तिची ओळख दुसरीपर्यंतची, त्यामुळे ऑर्डरची वही सून लिहायची. पण माणसाचं माप घ्यायला वही लागत नाही. गिऱ्हाइकाला समोर बसवायचं, त्याचा हात हातात घ्यायचा, चपला काढायला लावून तळवे चाचपायचे आणि सांगायचं, "उन्हाळ्यात किलोभर कापूस, पावसाळ्यात दोन, थंडीत तीन. यापुढे एक मूठ जास्त नको." तिचं सांगणं खरं ठरायचं. आक्काची रजई परत येत नाही, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगायचं. आणि आज ती आली होती, तीही घरच्याच माणसाच्या काखेतून.

"ठेवा तिकडे," आक्का म्हणाली. "बघते."

जावई रजई ठेवून जवळजवळ पळालाच. तेवढ्यात बाकावरच्या मास्तरीणबाईंनी पदर सावरला. त्यांनी आदल्याच आठवड्यात तीन ऋतूंच्या तीन रजया सांगितल्या होत्या.

"आक्का, माझ्या तिन्हींचं जरा थांबवा हं. म्हणजे तुमच्यावर भरवसा आहेच, पण घरच्याच माणसाचं माप चुकतंय म्हटल्यावर..."

"थांबवते की. तोवर बसा घामाने निथळत."

त्या गेल्या. बाकीची गिऱ्हाइकंही "येतो हं" म्हणत एकेक करून उठली. दुकानात आक्का, सून आणि ते बोचकं उरलं. आक्का त्याच्याकडे अशी बघत होती, जसं काही ते पोलिसांनी आणून सोडलंय.

"ताप-बीप असेल का हो त्यांना?" सूनबाईने विचारलं.

"तापाचा माणूस असा टुणटुण पळतो का?"

"मग माप..."

"माप चुकलं म्हणायचंय तुला? बोल ना, बोल. आज सगळ्यांनाच कंठ फुटलाय."

पण मनात कुसळ रुतलं होतंच. आक्काला सोयरिकीचा दिवस आठवला. जावयाचं माप तिने त्याच दिवशी घेतलं होतं. आता होणाऱ्या जावयाचा हात कसा धरायचा? तळवे चाचपायची तर सोयच नाही. म्हणून तिने नुसतं कपाळ बघितलं. कपाळावरून घामाच्या धारा लागलेल्या, रुमाल पिळून निघेल इतका भिजलेला. उष्ण प्रकृतीचा गडी, आक्काने ठरवून टाकलं. त्यातून धाकटी लेक बेकरीत भट्टीपुढे उभी राहणारी, तिचं अंग आधीच तापलेलं. दोघांच्या मिळून एका रजईत तिने सव्वा किलो कापूस भरला आणि हात झटकले.

"आई, जावई त्या गोदामात कामाला जातात, तिथे नेमकं काय करतात हो?" सूनबाई म्हणाली.

"गोदामात काय करतात? माल ठेवतात, माल काढतात. आपल्या कापसाच्या गोदामात तू गेलीयेस ना? पत्रा असा तापतो की पापड भाजून निघावा. तिथून आलेल्याला जाड रजई कशाला लागेल?"

बोलता बोलता ती उठलीच. रजई काखेत मारली, चपला सरकवल्या. याचा सोक्षमोक्ष आजच. त्याने तिच्या दुकानात येऊन शोभा केली, आता ती त्याच्या गोदामात जाणार होती.

गोदाम गावाबाहेरच्या रस्त्याला. दाराशी पहारेकरी.

"आजी, आत जायचं तर हा कोट घाला."

"आजी असेल तुझी. या उन्हात कोट घालायला मला काय वेड लागलंय?"

पहारेकऱ्याने खांदे उडवले आणि हातभर जाडीचं दार ओढलं. त्याच्या आत प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा. आक्का रजई घेऊन तो बाजूला सारत तोऱ्यात आत शिरली, आणि चौथ्या पावलाला तिचा तोरा गोठला. नाकातला श्वास नाकात अडकला. दात एकमेकांवर वाजायला लागले. सगळीकडे वाटाण्याची खोकी, छतापर्यंत, आणि खोक्यांवर पांढरी बुरशी यावी तसा बर्फ. त्या खोक्यांच्या मधून कानटोपी घातलेलं एक अस्वल आलं. अस्वलाच्या मिशीवरही बर्फ होता.

"आई! तुम्ही? अहो, कोट कुठाय तुमचा?"

जावयाने एका झटक्यात स्वतःचा कोट काढून तिच्या अंगावर टाकला. आक्काने पुढचा-मागचा विचार न करता त्याचा हातमोजा ओढला आणि हात हातात घेतला. सोयरिकीच्या दिवशी धरायचा राहिलेला हात. दगडासारखा गार, बोटांची टोकं निळसर.

"किती वेळ असता इथे?"

"आत-बाहेर धरून आठ तास. बाहेर ऊन असो की थंडी, इथे बारा महिने शून्याच्या खाली अठरा. घरी गेलो तरी हाडातला गारठा लवकर निघत नाही."

"लग्नाला दोन महिने झाले. बोलला का नाहीत?"

"ही म्हणाली, आईची रजई परत जात नाही. मग मी गपचूप हा कोट घालून झोपायला लागलो. काल हिने पकडलं. म्हणाली, एक तर आईकडे जा, नाहीतर कोटाशीच संसार करा."

आक्काला हसू यायला लागलं होतं, पण एक गोष्ट अजून अडत होती.

"मग सोयरिकीच्या दिवशी घामाच्या धारा कसल्या लागल्या होत्या?"

जावयाने मान खाली घातली. आजूबाजूच्या हमालांनी खोकी खाली ठेवून कान टवकारले.

"तुम्हाला घाबरून, आई."

आधी एक हमाल फिस्सकन हसला, मग दुसरा, आणि मग आक्काच अशी हसली की तिच्या तोंडातून वाफेचे ढग निघाले. डोळ्यांतून पाणी आलं, ते गालावर गार पडलं, तरी हसू थांबेना.

दुकानात येऊन तिने पहिल्यांदा दोन कप चहा घशाखाली घातला आणि सूनबाईला समोर बसवलं.

"त्याला जाड करावी, तर पोरगी शिजून निघेल. तिला पातळ ठेवावी, तर तो गोठेल."

"दोघांना वेगळ्या करू या."

"दोन महिन्यांचं लग्न आणि पांघरुणं वेगळी? मी जिवंत असताना?"

सूनबाई जरा वेळ उशीच्या अभ्र्याशी चाळा करत बसली. "आई, अभ्र्याला लावतो तशी मधोमध बटणं लावली तर? दोन अर्ध्या रजया, जोडून एक."

आक्का थबकली. मग कापसाचा गठ्ठा पुढे ओढत म्हणाली, "माझ्या मनात तेच होतं. तू फक्त आधी बोललीस."

आठवडाभर दोघी हसत-भांडत टाके घालत होत्या. जावयाचा अर्धा भाग दोन किलोंचा, बारा महिने तोच, कारण त्याला ऋतू एकच. लेकीचे अर्धे तीन: उन्हाळ्याला पाव किलो, पावसाळ्याला अर्धा, थंडीला एक. ऋतू बदलला की लेकीची बाजू काढायची, दुसरी लावायची. काजं सगळी एका अंतराने, कुठलाही भाग कुठेही बसावा अशी.

रजई न्यायला आक्काने दोघांना मुद्दाम मास्तरीणबाईंच्या येण्याच्या वेळेला बोलावलं. लेकीने दुकानातच पटापट बटणं लावून बघितली आणि आईच्या गळ्यात पडली. मास्तरीणबाईंनी रजई उलटून बघितली, सुलटून बघितली आणि घसा खाकरला.

"आक्का, आमच्याकडेही हे पंखा लावतात आणि मी बंद करते. माझ्या तिन्ही रजया अशाच करून द्या ना."

"देईन. पण आधी यजमानांना घेऊन या. हात बघेन, पाय बघेन, आणि दिवसभर कुठे बसतात तेही विचारेन. आता ते विचारल्याशिवाय कापसाला हात लावत नाही मी."

मग ती जावयाकडे वळली. तो रजई छातीशी धरून उभा होता आणि त्याच्या कपाळावर पुन्हा घाम फुटला होता. आक्काने कमरेवर हात ठेवले.

"ऐका, जावईबापू. भर दुकानात रजई परत आणलीत, हे मला आवडलं नाही आणि मरेपर्यंत आवडणार नाही. दोन महिने कोट घालून झोपलात आणि तोंडातून शब्द काढला नाहीत, ते त्याहून वाईट. पण थंडीने कुडकुडत असताना अंगावरचा कोट काढून माझ्या अंगावर घातलात, म्हणून दोन्ही माफ. आता तो घाम पुसा. यापुढे मला घाबरायचं नाही. तुम्ही घाबरलात, की माझं माप चुकतं."