नशिबाचं लाल हेल्मेट

मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे. किसुमू शहरात, तळ्याकाठच्या एका अंगणात उताणे पडलेले.

माझे अंग काचेच्या धाग्यांचे. केसाहून बारीक धागे, थरावर थर अंथरून राळेत बसवलेले. एकटा धागा बोटाने तुटेल. पण एकमेकांना धरून राहिले, की दगडाशी भांडतील.

माझा मालक ओडेरा मोटारसायकलवर उतारू नेई. मासळीबाजाराच्या उतारावर एका ट्रकने त्याला उडवले आणि तो डोक्यावर आपटला. रस्त्याचा सारा जोर माझ्यावर आला. तो मी कसा सोसला? तुटून सोसला. धागे तटातट तुटले, थरापासून थर सुटला, आणि त्या तुटण्यातच मार जिरून गेला. ओडेरा धूळ झटकत उठला. माझ्यावर वरून दिसायला नुसता ओरखडा.

त्याने मला लाल रंग दिला. नाक्यावर माझे नाव झाले.

"ओडेरा, ते नशिबाचं हेल्मेट मला दे रे!" गाडीवर बसताना बाजारातली मासेवाली म्हणे.

"घे की मावशी. पण वेण्या विसकटल्या तर मला शिव्या नकोत."

"वेण्या पुन्हा घालीन, मेल्या. डोकं कुठून आणू?"

सारे हसत. मी वरून लाल, आतून विस्कटलेले. मला वाचा असती तर ओरडले असते.

ओडेराने दुसरे, नवे हेल्मेट घेतले. एका रविवारी धाकटी बहीण अकेयो चर्चमध्ये गायला निघाली.

"दादा, नवं मला दे ना."

"वेडी का काय तू? नव्याचा काय भरवसा? ह्यानं माझं डोकं वाचवलंय. हे तुला."

किती मायेने त्याने माझा पट्टा तिच्या हनुवटीखाली बांधला!

वाटेत शेळी आडवी आली. गाडी सावकाश होती, पडणे लहानसेच होते. पण मार जिरवायला माझ्यापाशी धड धागे उरले कुठे होते? मार माझ्यातून तिच्यापर्यंत पोचला.

अकेयो वाचली. उजवा कान मात्र बहिरा झाला. गाण्यात पहिला सूर तिचा असे. आता ती मागच्या बाकावर ओठ मिटून बसते. ओडेरा तिच्या डाव्या बाजूनेच चालतो.

माझ्यात आता कोंबडी अंडी घालते. अंडी काढताना अकेयो मला थोपटते. "तुझी काय चूक रे बाबा," म्हणते.

मित्रांनो, एक मोठा मार झेलला, की माझ्यासारख्याचे काम संपते. ओरखड्यावर रंग फासू नका. जे तुमच्यासाठी एकदा तुटले, त्याला खाली ठेवा. अंड्यांचे ओझे मला पेलते. डोक्याचे आता नाही.