काचेच्या बरोब्बर मधोमध

मी एक जुनी काच आहे. मोटरसायकलच्या हँडलपुढे वारा अडवायला उभी असते ना, ती. खरे तर मी काचही नाही, जाड पारदर्शक प्लास्टिक आहे. पण मित्रांनो, जन्मभर सगळे मला काचच म्हणत आले, आणि चूक सुधारायला मला तोंड नव्हते. तोंड नसल्याचे दुःख मी एरवी केले नसते. मात्र एका उन्हाळ्यात माझ्यासमोर एक शहाणा भाऊ आणि एक गुणी बहीण मिळून घोळ घालत होते, आणि मी मुकाट्याने बघत होते. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

कारखान्यात मी एक सपाट तक्ता होते. मला भट्टीत मऊ केले, साच्यावर दाबले आणि अंगाला एक बाक दिला. समोरून येणारा वारा चालवणाऱ्याच्या डोक्यावरून लोटून द्यायचा, एवढ्यासाठीच तो बाक होता. हे काम मी चोख केले. फुशारकी मारत नाही, विचारा सिस्टरला.

सिस्टर म्हणजे माझी मालकीण. अकरा वाजेपर्यंत ती दवाखान्यात असे. मग खांद्याला पट्ट्या-औषधांची पिशवी अडकवून निघे आणि तीन वाजेपर्यंत सात घरांतल्या सात रोग्यांच्या जखमा धुऊन बांधे. थंडीत ती माझ्यावर हात फिरवून म्हणायची, "ही आहे म्हणून माझी छाती शाबूत आहे." तेव्हा मला कोण अभिमान वाटायचा!

उन्हाळा आला आणि माझा गुणच माझ्या अंगाशी आला. वारा मी अडवत होते, अगदी पूर्वीसारखा. पण इंजिनाची धग खालून वर यायची आणि माझ्या मागे कोंडून राहायची. सिस्टर त्या धगीत हेल्मेट घालून शिजत होती. बरे, मला काढून ठेवावे तर तेही जमेना. शेवटच्या घराकडे जाणारा रस्ता खडीचा होता, आणि पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडे गोळीसारखे सुटत. ते खडे मीच अंगावर झेलत होते.

ते शेवटचे, सातवे घर एका म्हाताऱ्या शिंप्याचे होते. त्याला मधुमेह होता आणि उजव्या पावलाला जखम झाली होती. डॉक्टरांनी बजावले होते, एक दिवसाआड नीट पट्टी झाली तर दीड महिन्यात जखम भरेल, खंड पडला तर बोटे कापावी लागतील. शिंप्याचे मशीन पायाने चालवायचे होते. तो पाय पुढे करून म्हणायचा, "सिस्टर, हा पाय माझा नाही, मशीनचा आहे. त्याच्या हिशेबानं बांधा."

एके दिवशी सहाव्या घराच्या पायरीवर सिस्टरला घेरी आली. ही बातमी तिच्या थोरल्या भावापर्यंत पोचली. दादा दुकानांच्या पाट्या बनवायचा. प्लास्टिकचे तक्ते कापून त्यांची अक्षरे करणे हे त्याचे रोजचे काम होते. अक्षर एक केसभर वाकडे गेले तरी त्याला जेवण जात नसे.

"एवढंच ना?" दादा म्हणाला. "रविवारी गाडी घेऊन ये. काचेला झडपेची खिडकी करून देतो. वारा कसा भसाभसा येईल बघ."

मला वाटले, चला, सुटलो बुवा एकदाचे!

रविवारी दादाने गाडी मधल्या स्टँडवर चढवली आणि सिस्टरला वर बसवले. ती फोटोला बसल्यासारखी ताठ बसली. दादाने माझी रुंदी मोजली, उंची मोजली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या रेघा मारल्या आणि जिथे त्या एकमेकींना छेदल्या तिथे टिंब दिले.

"बरोब्बर मधोमध!" तो म्हणाला.

"दादा, जरा खाली घेतली तर? छातीशी फार कोंडतं रे."

"खाली? अगं, पायजमा घसरल्यासारखी दिसेल! गोष्ट मधोमध असली की डोळ्याला बरी वाटते. तू गप्प बस, माझा जन्म गेलाय यात."

त्याचा जन्म पाट्यांत गेला होता, वाऱ्यात नव्हे. पण ती गप्प बसली. मग ड्रिल माझ्या पोटात शिरले, मागून करवत आली. दादाने चौकोनी भोक पाडले, चारही कोपरे धारदार. त्यावर काळी चौकट बसवली, सरकती झडप लावली आणि दहा पावले मागे जाऊन मान तिरपी करून पाहिले. पाटी तर दुरूनच वाचायची असते. पण अहो, मी पाटी नव्हते!

सोमवारी आम्ही निघालो. रस्त्यावर सिस्टर कधीच ताठ बसत नसे. दिवसभराच्या थकव्याने तिचे खांदे पडत आणि ती वीतभर पुढे झुकून गाडी चालवी. त्यामुळे ती खिडकी नेमकी तिच्या डोळ्यांसमोर आली. गरम वारा आणि खडीची धूळ थेट डोळ्यांत जाऊ लागली, आणि छातीशी कोंडलेली धग जिथल्या तिथे. झडप लावून घ्यावी तर खडीच्या दणक्यांनी ती आपोआप सरके. तिसऱ्या दिवशी सिस्टरने पिशवीतून चिकटपट्टी काढली आणि माझे भोक बंद केले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

आता तुम्ही म्हणाल, मग तिने भावाला सांगितले असेल. छे! त्याच संध्याकाळी दादाने विचारले, "काय, लागतो का वारा?" आणि ही बाई हसून म्हणाली, "मस्त रे! छान झालंय."

छान? मला त्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. दादाचे दुकान तिच्या वाटेवरच होते. दवाखान्यातून निघताना पट्टी लावलेली असे. दादाच्या गल्लीत वळण्याआधी ती गाडी थांबवून पट्टी सोलून काढी, दुकानावरून हात हलवत जाई आणि पुढच्या वळणावर नवी पट्टी चिकटवी. लोकांच्या जखमा उघडपणे बांधणारी बाई माझी जखम चोरून बांधत होती. आणि दादा? येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला रस्त्याकडे बोट दाखवून सांगायचा, "ती बघा, माझ्या बहिणीची गाडी. खिडकी मी केली."

ऊन वाढत गेले. सिस्टरला पुन्हा घेरी येऊ लागली, आणि ज्या दिवशी येई त्या दिवशी सातवे घर राहून जाई. तिने दवाखान्यात सांगितले, त्या घरी दुसऱ्या कुणाला पाठवा. तिथले लोक "बघतो" म्हणाले, आणि बघतच राहिले. शिंप्याची सून जमेल तशी पट्टी बदलत होती. एक फेरी चुकली, मग दुसरी. तीन आठवड्यांत पाच चुकल्या. मी मोजत होते, कारण मला दुसरे काय करता येणार होते?

शेवटी एका दुपारी सिस्टरने सहाव्या घरानंतर गाडी झाडाखाली लावली आणि मुळाशी बसकण मारली. पुढे जायची ताकद नव्हती. तिने दादाला फोन केला. तो धावत आला. आधी तिला पाणी पाजले, मग गाडीकडे वळला, आणि पट्टी त्याला दिसली.

"हे काय?"

"पट्टी."

"ती दिसतेय मला. कशाला?"

सिस्टर मान खाली घालून म्हणाली, "डोळ्यांत धूळ जाते, दादा. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतक्या हौसेनं केलंस. तोंडच उघडेना."

दादाचा चेहरा पडला. त्याने पट्टी ओढून काढली. "आज तू येऊ शकत नाहीस, तेवढं तरी शिंप्याला सांगून येतो," म्हणत तो माझ्या मागे बसला. भर दुपारी आम्ही खडीच्या रस्त्याने गेलो आणि आलो. परतला तेव्हा त्याचे डोळे लालबुंद झाले होते आणि सदरा पाठीला चिकटला होता. उरलेले पाणी त्याने घटाघट संपवले.

"रोज जातेस तू यातून?" त्याने विचारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मोजपट्टी बाजूला ठेवली. कागदाच्या बारीक पट्ट्या कापून माझ्या मागच्या अंगाला वरपासून खालपर्यंत चिकटवल्या आणि म्हणाला, "ताठ नको बसू. बसतेस तशी बस आणि चालव." ती गल्लीतून गाडी नेई आणि तो शेजारून धावत पट्ट्या बघे. शेजारपाजारचे हसत होते. वरच्या पट्ट्या फडफडत होत्या, खालच्या मेल्यासारख्या लोंबत होत्या. जिथे त्या लोंबत होत्या तिथेच, स्पीडोमीटर टाळून जरा उजवीकडे, त्याने नवे भोक पाडले. या वेळी गोल, कारण चौकोनाच्या एका कोपऱ्यातून मला तडा जाऊ लागला होता. जुने भोक त्याने पारदर्शक तुकडा चिकटवून बुजवले. मी आता वेडीवाकडी दिसते. पण सिस्टर निघाली आणि गळ्याला, छातीला वारा लागताच तिने हुश्श करून मोठा श्वास सोडला. एवढे सोपे होते ते!

त्या दिवशी आम्ही थेट सातव्या घरी गेलो. दार उघडेच होते. सिस्टरने जखमेची पट्टी सोडली आणि काळी पडलेली दोन बोटे वाकून पाहिली. मग तिने डॉक्टरांना फोन लावला.

पुढच्या आठवड्यात शिंप्याची दोन बोटे कापली. त्यानंतर सिस्टरने एकही फेरी चुकवली नाही आणि उरलेले पाऊल वाचले. आता तो डाव्या पायाने मशीन चालवायला शिकतो आहे. टाके तिरके पडतात, आणि तो ते उसवून पुन्हा घालतो. परवा त्याने दारातून माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "सिस्टर, त्या भोकानं बरं वाटतं का हो?"

"हो काका, फार बरं वाटतं."

"मग आधीच का नाही पाडलंत?" त्याने अगदी सहज विचारले. टोमणा नव्हता. सिस्टर पिशवीत काहीतरी शोधत राहिली.

मित्रांनो, माझी निगा राखा, मला मऊ फडक्याने पुसा, हे सगळे मी सांगणार होते. राहू द्या. कुणासाठी काही करायला गेलात तर आधी त्याच्या जागी बसून भर उन्हात एक फेरी मारा. आणि कुणी प्रेमाने केलेले तुम्हाला टोचत असेल, तर त्याच संध्याकाळी तोंड उघडा. तुम्हाला तोंड आहे. त्या दोघांनाही होते, तरी खरे बोलायला तीन आठवडे लागले. शिंप्याची बोटे तेवढा वेळ थांबली नाहीत.