अकरावी सही

“संस्थापक दहा. संस्थेच्या इतिहासात दहाच छापायचे,” सचिव म्हणाले. “आणि बाई, तुम्ही टायपिस्ट आहात, इतिहासकार नाही.”

बाईंनी जुनी वही त्यांच्यापुढे सरकवली, बोट मात्र पानावरच ठेवलं. रसायनतज्ज्ञांच्या या संस्थेत टायपिंग करण्यात, सभांची इतिवृत्तं लिहिण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. तेवढ्या काळात सात सचिव आले नि गेले. पहिले सहा महिने प्रत्येकाला वाटायचं, संस्था आपणच चालवतो.

“हे पहिल्या सभेचं इतिवृत्त. ‘उपस्थित अकरा.’ अकरावं नाव काचकारागिराचं आहे.”

“पण ते कायम कुठे झालंय? पुढच्या सभेत वाचलंच नाही कुणी.”

हे खरं होतं. दुसऱ्या सभेला मंडळी जमली ती थेट नव्या काचेच्या उपकरणाभोवती. नळीतून थेंब पडू लागले, सगळे ते बघत बसले आणि इतिवृत्त वाचायचं राहून गेलं. ते उपकरण फुंकून घडवलं होतं त्या अकराव्यानेच. पण वाचून कायम न केलेलं इतिवृत्त संस्था मानत नाही. म्हणून संस्थेचा इतिहास दुसऱ्या सभेपासून, दहा रसायनतज्ज्ञांच्या सह्यांनी सुरू व्हायचा.

“शिवाय ते काचकारागीर तुमचे सासरे. लोक काय म्हणतील?”

“सासरे आहेत, नाकारतेय कुठे? म्हणून खोटं छापायचं?”

घरी गेल्यावर बाईंचा राग आणखी वाढला, कारण सासरेच म्हणाले, “जाऊ दे गं. या वयात नाव काय चाटायचंय मला?”

“तुम्हाला नसेल. मला छापलेलं बघायचंय. रविवारी सभेला यायचं, सदरा इस्त्री करून ठेवते.”

रविवारी ‘मागील सभेचे इतिवृत्त’ हा विषय येताच बाई उभ्या राहिल्या. “एक कायम करायचं राहिलंय. पन्नास वर्षांपूर्वीचं.”

सचिव हसले. “त्या सभेला हजर असलेलाच ते कायम करू शकतो. नियम आहे. आणि दहाही जण गेले.”

“ठाऊक आहे. दहाही शोकप्रस्ताव मीच टाइप केलेत. अकरावे मागच्या रांगेत बसलेत.”

सभागृहात कुणीतरी खुदकन हसलं. अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. “नियम आपणच केलाय. या काका, पुढे या.”

सासरे सावकाश पुढे आले. वही वाचताना हातातलं पेन बोटांत गोल फिरत होतं. आयुष्यभर ज्योतीवर नळी फिरवलेल्या बोटांची सवय. वाचून झालं, तरी ते सही करीनात.

“हे चूक आहे.”

बाई पटकन वहीपाशी आल्या.

“आम्ही बारा होतो. हे अक्षर ज्यांचं आहे, त्यांचं नाव कुठाय यात? कोपऱ्यात बसून सगळं त्याच लिहीत होत्या.”

“काय नाव त्यांचं?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

फिरणारं पेन थांबलं. त्यांनी खूप आठवून पाहिलं.

“आम्ही सगळे वहिनी म्हणायचो,” ते ओशाळून म्हणाले. “नाव कुणी विचारलंच नाही. तेवढं तरी घाला. त्याशिवाय मी सही करणार नाही.”

अध्यक्षबाईंनी यादीत ‘वहिनी’ लिहिलं. मग सासऱ्यांनी सही केली. पूर्ण नावाची.

टाळ्या चालू असतानाच बाई आपल्या खुर्चीत येऊन बसल्या. समोर आजचं इतिवृत्त अर्धं लिहून पडलं होतं. ‘उपस्थित बेचाळीस.’ एकतीस वर्षं बाई सभेतली डोकी मोजत आल्या होत्या, स्वतःचं सोडून.

त्यांनी आकडा खोडला आणि त्रेचाळीस लिहिला.